विकलेल्या गाडीतली म्युझिक सिस्टिम हॉलमध्ये बसवताना

पार्श्वभूमी

नाशिकमधलं चौघांचं कुटुंब, पंचवीसेक वर्षं जुन्या इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. जुनी डिझेल गाडी विकताना घेणारा म्युझिक सिस्टिमचे वेगळे पैसे द्यायला तयार होईना. गृहस्थांनी कंपनीचे मूळ स्पीकर परत बसवून घेतले आणि बाकी सगळा संच घरी आणला. त्यात ब्लूटूथ आणि ऑक्स (वायरने जोडायचं) इनपुट असलेलं सिंगल डिन मापाचं हेड युनिट, म्हणजे डॅशबोर्डमधला प्लेअर होता. एबी वर्गाचा चार चॅनेलचा अँप (अँप्लिफायर) होता, ४ ओहमवर दर चॅनेलला ५० वॅट आणि दोन चॅनेल ब्रिज केले, म्हणजे एकाच स्पीकरसाठी एकत्र जोडले, तर १५० वॅट देणारा. वेगळ्या ट्वीटरचे (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) आणि क्रॉसओव्हरचे (आवाज दोघांत वाटणारी पेटी) साडेसहा इंची कॉम्पोनंट स्पीकर, डिकीतल्या बंद खोक्यातला १२ इंची ४ ओहमचा सबवूफर (फक्त बासचा स्पीकर, पुढे नुसता सब) आणि बासच्या ठोक्याला लागणारा करंट साठवणारा एक फॅरडचा कपॅसिटरही होता.

हॉल १२ बाय १६ फुटांचा. अपेक्षा साधी होती: टीव्हीचा आवाज नीट यावा, फोनवरची गाणी लागावीत आणि खर्च आठ हजारांच्या आत राहावा.

अडचण नेमकी कुठे

कार ऑडिओ घरी वापरायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "बारा व्होल्टचा अडॅप्टर कुठला घेऊ?" प्रश्न योग्य आहे, पण अर्धाच. गाडीतला संच दोन गोष्टी गृहीत धरून बनवलेला असतो. एक म्हणजे बॅटरी, जी क्षणभर शंभर अँपिअरही सहज देते आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्टवर असते. दुसरी म्हणजे छोटी, बंद केबिन. घरात या दोन्ही नसतात. बॅटरीची जागा कशाने भरायची हे बहुतेकांना कळतं. केबिनची जागा खोक्याने भरावी लागते, हे मात्र आवाज पोकळ आल्यावर लक्षात येतं.

वॅटचे आकडेही तपासून घ्यावे लागतात. हेड युनिटवर "५० वॅट × ४" असं छापलेलं होतं. त्याच्या आत व्होल्टेज वाढवणारा भाग नसतो, त्यामुळे १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात साधारण २० वॅटच मिळतात. वेगळ्या अँपचं तसं नसतं. तो आतल्या कन्व्हर्टरने १२ व्होल्टचे अधिक-उणे पंचवीस-तीस व्होल्ट बनवतो, म्हणून त्याचे ५० वॅट खरे असतात आणि त्याची भूकही खरी असते. समोरचे दोन चॅनेल ५० वॅटवर आणि सब १५० वर धरला तर बाहेर २५० वॅट पडतात. ६० टक्के कार्यक्षमता धरली तर आत सुमारे ४१७ वॅट लागतात, म्हणजे १३.२ व्होल्टवर ३१-३२ अँपिअर. सीसीटीव्हीच्या १० अँपिअरच्या सप्लायवर हा अँप सुरू होईल, पण ढोलाच्या पहिल्या थापेला बंद पडेल.

कोणते पर्याय तोलले

सगळं विकून तयार होम थिएटर घेणं हा पहिला पर्याय. वापरलेल्या कार ऑडिओला मिळणारी किंमत पाहून तो लगेच बाजूला पडला.

दुसरा पर्याय कारचे स्पीकर घरच्या जुन्या स्टिरिओ अँपला जोडण्याचा. त्या अँपच्या मागे "६ ते १६ ओहम" लिहिलेलं होतं आणि कारचे स्पीकर ४ ओहमचे. हळू आवाजात चालून गेलं असतं. मोठ्या आवाजात मात्र आउटपुट ट्रान्झिस्टरमधून दीडपट करंट गेला असता आणि ते तापले असते. दोन्ही स्पीकर एकामागे एक जोडून ८ ओहम करता येतात, पण मग स्टिरिओ उरत नाही.

तिसरा पर्याय मोहात पाडणारा होता. घरात इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरी आहेच, तिलाच अँप जोडायचा. वायरमनलाही हे पटलं होतं. हा पर्याय सोडला ते बरं झालं. ट्रान्सफॉर्मरवाल्या इन्व्हर्टरचा चार्जर बॅटरीत सरळ नाही तर दर सेकंदाला १०० ठोक्यांनी करंट ढकलतो, आणि चार्जिंग चालू असताना ती गुणगुण स्पीकरमध्ये येते. शिवाय अशी बॅटरी शॉर्टसर्किटमध्ये शेकडो अँपिअर देते. बाल्कनीतून हॉलपर्यंत आलेली वायर दाराच्या चौकटीत चेपली गेली तर फ्यूज अगदी बॅटरीच्या टर्मिनलपाशीच हवा, नाहीतर वायरच पेटते. ज्यांच्याकडे दोन बॅटऱ्यांचा २४ व्होल्टचा इन्व्हर्टर आहे त्यांनी त्यातल्या एकीवरून १२ व्होल्ट कधीही काढू नयेत. एक बॅटरी कायम अर्धवट आणि दुसरी कायम जास्त चार्ज होत राहते आणि वर्षभरात दोन्ही जातात.

उरला चौथा पर्याय: सगळा संच ठेवायचा, स्वतंत्र सप्लाय घ्यायचा आणि खोकी नवी करायची.

काय केलं: सप्लाय

सुरुवात घरात पडलेल्या कॉम्प्युटरच्या ४५० वॅटच्या एटीएक्स सप्लायने झाली. हिरवी वायर काळीला जोडली की तो सुरू होतो, पिवळीवर १२ व्होल्ट मिळतात. कागदावर १८ अँपिअर होते. प्रत्यक्षात अँप जोडल्यावर व्होल्टेज ११.३ वर आलं आणि बासच्या ठोक्याला सप्लाय बंद पडू लागला. अशा जुन्या सप्लायमध्ये ५ आणि १२ व्होल्टचं नियंत्रण एकत्र असतं. ५ व्होल्टवर काहीच भार नसेल तर १२ ची बाजू ढासळते. ५ व्होल्टवर १० ओहम १० वॅटचा रेझिस्टर लावला की थोडी सुधारणा होते, इथेही झाली, पण पुरली नाही. नुसतं हेड युनिट आणि दोन स्पीकर चालवायचे असते तर एवढ्यावर भागलं असतं.

मग एलईडी बोर्डांसाठी मिळतो तो जाळीच्या पेटीतला १२ व्होल्ट ३० अँपिअरचा एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) आणला. त्याच्या बाजूला ११० आणि २२० व्होल्टचा छोटा सरकता स्विच असतो. तो २२० वर आहे ना, हे प्लग लावण्याआधी पाहायचं. ११० वर राहिला तर पहिल्याच क्षणी धमाका होतो. टर्मिनलशेजारच्या व्होल्टेज स्क्रूने आउटपुट १३.२ वर आणलं. त्याहून वर नेता आलं असतं, पण सप्लायची मर्यादा वॅटमध्ये असते: ३६० वॅट भागिले १३.२ म्हणजे हातात २७ अँपिअर.

सप्लायपासून अँपपर्यंत मीटरभर अंतर होतं. त्यासाठी ६ चौ.मिमीची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर, दोन्ही टोकांना दाबलेली थिंबल (स्क्रूखाली बसणारी धातूची टोकं) आणि सप्लायपाशी ३० अँपिअरचा ब्लेड फ्यूज. २० अँपिअरला या वायरवर जाऊन-येऊन ०.११ व्होल्ट पडतात. घरातली नेहमीची १.५ चौ.मिमी वायर वापरली असती तर जवळपास अर्धा व्होल्ट गेला असता. हेड युनिटची निगेटिव्ह अँपच्या बॉडीवर न घेता थेट सप्लायच्या निगेटिव्हवर आणली.

एक फॅरडचा कपॅसिटर इथे आडवा आला. गाडीत होता म्हणून घरीही लावला आणि एसएमपीएस सुरूच होईना, टक-टक करत बसला. रिकामा कपॅसिटर सप्लायला शॉर्टसर्किटसारखा दिसतो. पूर्ण ३० अँपिअर मिळाले तरी तो भरायला अर्धा सेकंद लागतो, आणि तेवढ्यात सप्लायचं संरक्षण पुन्हापुन्हा बंद-चालू होत राहतं. २१ वॅटच्या इंडिकेटर बल्बमधून आधी भरून घेतला तर चालतो, पण दर वेळी तसं कोण करणार? काढून टाकला. मीटरभर वायरवर त्याची गरजही नव्हती.

चालू-बंद करायचा स्विच २३० व्होल्टच्या बाजूला ठेवला. १३ व्होल्टच्या बाजूला स्विच ठेवला की दर वेळी अँपच्या आतले कपॅसिटर भरताना ठिणगी पडते आणि स्विचचे काँटॅक्ट जळतात. हेड युनिटची पिवळी (सेटिंग जपणारी) आणि लाल (चालू-बंदची) दोन्ही पॉझिटिव्हला, लाल मात्र एका छोट्या टॉगलमधून. निळी-पांढरी वायर अँपच्या रिमोट, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या टर्मिनलला. त्यामुळे टॉगल बंद केला की हेड युनिट झोपतं, अँपही बंद होतो आणि सेटिंग पुसलं जात नाही. हा अँप नुसता चालू असताना १.२ अँपिअर घेत होता. सप्लायचा तोटा धरून भिंतीतून वीसेक वॅट, दिवसरात्र सोडला तर महिन्याला १४ युनिट. रिमोटची वायर पॉझिटिव्हला कायमची जोडणाऱ्यांनी हा हिशोब आधी करावा. डॅशबोर्डच्या दिव्यांसाठीची नारिंगी आणि अँटेनाची नुसती निळी वायर टेप लावून मोकळी सोडली.

अर्थिंग, आणि त्यातून आलेली गुणगुण

पहिल्याच संध्याकाळी अँपच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या. टेस्टर पेटला, मल्टिमीटरने पत्रा आणि न्यूट्रलमध्ये ९० च्या वर व्होल्ट दाखवले. एसएमपीएसमध्ये गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रलपासून पेटीच्या पत्र्याकडे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यांचा गळका करंट जमिनीत जातो, नसेल तर पत्र्यावर येऊन बसतो. हॉलच्या सॉकेटला तिसरं भोक होतं, मागे वायर नव्हती. वायरमन म्हणाला, "साहेब, एवढ्याने काही होत नाही, पंधरा वर्षं असंच चालू आहे." होत नाही ते सप्लाय चांगला आहे तोवरच. आतला एखादा भाग फुटला की तोच पत्रा पूर्ण २३० व्होल्टवर येऊ शकतो, आणि तो हेड युनिटच्या बॉडीला, आरसीए (ऑडिओ) केबलच्या जाळीला, टीव्हीच्या पत्र्याला जोडलेला असतो. डीबीपासून (घराच्या मुख्य वीज-पेटीपासून) हॉलपर्यंत हिरवी वायर ओढून घेतली, सप्लायची पेटी आणि निगेटिव्ह दोन्ही अर्थला जोडली. मुंग्या थांबल्या.

आणि त्याच क्षणी स्पीकरमधून ५० हर्ट्झची गुणगुण सुरू झाली.

टीव्हीचं हेडफोन आउटपुट हेड युनिटच्या ऑक्सला जोडलेलं होतं. एकेक वायर काढून पाहिली तेव्हा सेट-टॉप बॉक्सची केबल काढताच गुणगुण थांबली. केबलवाल्याच्या वायरची जाळी गच्चीवरच्या त्याच्या अँप्लिफायरपाशी दुसऱ्या ठिकाणी जमिनीला टेकलेली असते. आता दोन वेगवेगळ्या जमिनी टीव्हीच्या ऑडिओ वायरमधून एकमेकींना भेटत होत्या आणि त्यांच्यातला फरक आवाज बनून ऐकू येत होता.

अशा वेळी प्लगची अर्थची पिन काढण्याचा सल्ला हमखास मिळतो. गुणगुण जाते, आणि पुन्हा तोच जिवंत पत्रा हाती येतो. ते कधीही करू नये. ऑडिओ वायरमध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असलेला ग्राउंड लूप (दोन जमिनींचं असं वेटोळं) तोडणारा आयसोलेटर लावता येतो, पण स्वस्त आयसोलेटर खालचा बास खातो. इथे टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट होतं, म्हणून ऑप्टिकल केबल आणि एक साधा डीएसी (डिजिटल सिग्नलचा साधा ऑडिओ सिग्नल करणारी डबी) घेतला. प्रकाशाच्या वायरमधून जमीन जोडली जात नाही. तरीही गुणगुण पूर्ण गेली नाही, कारण डीएसीला पॉवर टीव्हीच्याच यूएसबीतून दिली होती आणि तुटलेला लूप तिथून पुन्हा जुळला. दोन पिनच्या मोबाइल चार्जरवर डीएसी लावला आणि हॉल शांत झाला.

हेड युनिट ठेवायचं की काढायचं, हा प्रश्नही इथेच मिटला. टीव्हीच्या ऑप्टिकल आउटपुटवर टीव्हीचा व्हॉल्यूम चालत नव्हता. हेड युनिटने व्हॉल्यूम, ब्लूटूथ, रिमोट आणि ८० हर्ट्झचे (त्याखालचा बास सबकडे वळवणारे) फिल्टर एका जागी दिले. तेवढंच देणारं वेगळं उपकरण फुकटात आलं नसतं.

खोकी

इथे खर्चाचा मोठा वाटा गेला आणि तो तिथेच जायला हवा होता.

दाराचे स्पीकर दारात बसण्यासाठी घडवलेले असतात, म्हणजे मागे भरपूर मोकळी हवा. त्यांचा क्यूटीएस (पडद्याचं हलणं किती कमी आवरलं जातं त्याचा आकडा) जास्त असतो. या जोडीचा ०.६५, मूळ रेझोनन्स (स्वतःची कंपनसंख्या) ६५ हर्ट्झ आणि व्हीएएस (पडद्याच्या लवचीकपणाइतकी लवचीक असलेली हवा) १२ लिटर होतं. सुताराने आधी सुचवलेल्या ८ लिटरच्या सुबक खोक्यात क्यूटीसी (खोक्यात बसवल्यावरचा तोच आकडा) १.०३ झाला असता आणि रेझोनन्स १०३ हर्ट्झवर गेला असता: पुरुषी आवाज डब्यातून आल्यासारखा आणि खाली काहीच नाही. २० लिटरला क्यूटीसी ०.८२ आणि रेझोनन्स ८२ हर्ट्झ येतो. ८० च्या खाली सब आहेच, म्हणून हाच आकार पक्का केला: आतून २२ × २५ × ३६ सेंटिमीटर, १८ मिमी प्लायवूड, सांधे फेव्हिकॉल आणि स्क्रूने, स्पीकरच्या कडेखाली फोमची पट्टी. हवा कुठूनही सुटता कामा नये.

ट्वीटर वूफरच्या लगेच वर बसवले. गाडीत ते आरशाजवळच्या कोपऱ्यात, कानाच्या रेषेबाहेर असतात, म्हणून कार क्रॉसओव्हरमध्ये त्यांना जोर दिलेला असतो. घरी ते सरळ तोंडावर येतात आणि "स" टोचू लागतो. क्रॉसओव्हरच्या पेटीतला जंपर (सेटिंग बदलायची छोटी पिन) ० वरून उणे ३ डेसिबलवर हलवला आणि बातम्या ऐकवेनाशा होत्या त्या ऐकण्यासारख्या झाल्या. हा जंपर बहुतेकांनी कधी पाहिलेलाच नसतो.

सबची गोष्ट त्याहून महत्त्वाची. गाडीत डिकीतलं २८ लिटरचं खोकं खोल, जमीन हलवणारा बास द्यायचं. हॉलमध्ये तेच खोकं ठणठण वाजायला लागलं. सबचा रेझोनन्स २८ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५, व्हीएएस ७० लिटर. २८ लिटरमध्ये तो ५२ हर्ट्झपर्यंत चढतो आणि त्याखाली आवाज दर सप्तकाला १२ डेसिबलने घसरतो. गाडीची केबिन इतकी लहान असते की साधारण ६०-७० हर्ट्झच्या खाली सगळी हवा एकदम दाबली जाते आणि बास जवळपास त्याच दराने वर चढतो. घसरण आणि चढण एकमेकांना फेडतात. हॉलमध्ये ही चढण इतक्या वर सुरूच होत नाही. आतून ४० × ४० × ३५ सेंटिमीटर, म्हणजे ५६ लिटरचं नवं खोकं केलं, त्यात उशीत भरतात तो पॉलिफिल सैलसर भरला. आता रेझोनन्स ४२ हर्ट्झ, क्यूटीसी ०.६८. गाडीइतका खोल बास येत नाही, येणारही नाही. पण तबल्याचा डग्गा डग्ग्यासारखा वाजतो.

कोपऱ्यात ठेवला तेव्हा ४७ हर्ट्झच्या आसपास घुमू लागला. १२ फुटांच्या रुंदीची ती स्वतःची कंपनसंख्या आहे. भिंतीच्या मध्याकडे चारेक फूट सरकवल्यावर घुमणं ओसरलं. खाली जाड रबराचे पाय लावले, कारण पहिल्या मजल्यावर एक आजी राहतात.

गेन

गेन म्हणजे अँपने सिग्नल किती वाढवायचा त्याचं सेटिंग, व्हॉल्यूमचं बटण नाही. हेड युनिटचा व्हॉल्यूम तीनचतुर्थांशावर, टोन आणि लाउडनेस शून्यावर, स्पीकर काढून ठेवलेले. समोरच्या चॅनेलला २०० हर्ट्झचा आणि सबला ५० हर्ट्झचा टोन वाजवून अँपच्या आउटपुटवर एसी व्होल्टेज मोजलं. १ किलोहर्ट्झ टाळला, कारण स्वस्त मल्टिमीटर तिथे चुकीचं दाखवू शकतो. समोर ११ व्होल्ट, म्हणजे ४ ओहमवर ३० वॅट. सबला २० व्होल्ट, म्हणजे १०० वॅट. अँप याहून जास्त देऊ शकतो, पण सप्लायकडे २७ अँपिअरच आहेत. या मापात सगळं एकदम वाजलं तरी २०-२३ अँपिअरवर भागतं. अँपच्या नव्हे, सप्लायच्या ताकदीनुसार गेन ठेवायचा, हा या प्रकरणातला सर्वांत उपयोगी निर्णय होता.

परिणाम

टीव्ही आणि फोन दोन्ही एका रिमोटवर चालतात. रोजच्या आवाजात भिंतीवरचा मीटर ३५ ते ४५ वॅट दाखवतो, मोठ्या आवाजात ९० च्या आसपास. सप्लाय एकदाही बंद पडलेला नाही. अँप मात्र एकदा तापून बंद झाला, टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात ठेवला होता म्हणून. शटर काढून वर चार बोटं मोकळी जागा ठेवली, तेव्हापासून तक्रार नाही. खर्च आठ हजारांच्या थोडा वर गेला. जास्तीचं कारण अर्थिंगची वायर, आणि तो पैसा म्युझिक सिस्टिमच्या खात्यात धरूच नये.

वेगळं काय करता आलं असतं

अर्थिंग सर्वांत आधी तपासायला हवं होतं, संच आणण्याच्याही आधी. सॉकेटमध्ये फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास व्होल्ट येतात का, एवढं पाहायला मिनिट लागतं. पण मल्टिमीटर तुटक वायरवरही खोटं व्होल्टेज दाखवतो, म्हणून वायरमनकडून १०० वॅटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावून बघणं चांगलं. मात्र डीबीत आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की पडणारा सुरक्षा स्विच) असेल तर तो पडेल, आणि ते योग्यच आहे.

अँप ठेवायलाच हवा होता का, यावर दुमत होऊ शकतं. टीपीए ३११६ चिपचे तयार डी वर्गाचे बोर्ड २१ व्होल्टवर ४ ओहमला दोन चॅनेल ५०-५० वॅटपर्यंत देतात, लॅपटॉपसारख्या अडॅप्टरवर चालतात आणि कमी तापतात. नुसते समोरचे दोन स्पीकर वाजवायचे असते तर तोच मार्ग स्वस्त आणि शांत ठरला असता. सबमुळे पारडं कारच्या अँपकडे झुकलं. ज्याच्याकडे हा संच नाही त्याने घरासाठी कार अँप विकत घेऊ नये.

हाच संच २ ओहमच्या सबचा असता तर ब्रिज करता आला नसता. बहुतेक चार चॅनेलचे अँप ब्रिजमध्ये ४ ओहमच्या खाली चालत नाहीत. मागच्या ट्रेवर बसणारे ६ × ९ इंची अंडाकृती स्पीकर असते तर त्यांना ३०-४० लिटरची खोकी लागली असती आणि हॉलमध्ये त्यांना जागा मिळाली नसती. आणि स्पीकरची कड फोमची असती तर सुताराला बोलावण्याआधी ती बोटाने दाबून पाहायला हवी होती. दहा-बारा वर्षांत फोम भुसभुशीत होऊन सुटतो, रबराची कड टिकते. या जोडीची कड रबराची होती.

सप्लायचा पंखा अजून खटकतो. रात्री आवाज कमी असताना तो ऐकू येतो. सप्लाय जाळीच्या झाकणाच्या पेटीत घालून टीव्ही युनिटच्या मागे, मुलांच्या हाताबाहेर हलवायचं ठरलं आहे. त्यासाठी वायर दोन मीटर होईल, म्हणून ६ ऐवजी १० चौ.मिमी घ्यावी लागेल.